कापण्याआधीच कळेल का यकृताचा दम? रॅटवरच्या फ्लिम आणि एसएचजी कामाच्या नोंदी

यकृतातली गाठ काढायची म्हटली की सर्जनपुढे पहिला प्रश्न असतो तो मागे काय उरणार याचा. यकृत निरोगी असेल तर साधारण २० ते २५ टक्के भाग राहिला तरी निभावते, केमोथेरपी होऊन गेली असेल तर ३० टक्के धरतात, सिरोसिसमध्ये ४०. हे सगळे आकडे सीटी स्कॅनवर मोजलेल्या आकारमानाचे आहेत. तेवढ्याच आकाराच्या दोन यकृतांपैकी एक आठवड्यात भरून येते आणि दुसरे बसते, हे सीटी सांगत नाही. पेशींची स्वतःची चमक पाहून ते आधी ओळखता येते का, हे तपासायचे काम आम्ही पुण्यात जून २०२४पासून करतो आहोत. रंग न घालता, टू-फोटॉन मायक्रोस्कोपखाली दोन गोष्टी पाहायच्या: एनएडीएच या पेशीच्या ऊर्जाव्यवहारातल्या रेणूची चमक किती काळ टिकते (फ्लिम) आणि कोलॅजेन, म्हणजे व्रणातले तंतुमय प्रथिन, कुठे, किती साचले आहे (एसएचजी). एनएडीएच आणि त्याच्यासारखाच रेणू एनएडीपीएच यांची चमक वेगळी काढता येत नाही. खाली एनएडीएच म्हटले की दोन्ही मिळून समजावे.

हेच काम दुसरीकडे कुणी सुरू करत असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

३ जून २०२४

संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी आज हातात पडली. बी फॉर्म (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) हिवाळ्यातच दिला होता. अडला तो एकाच मुद्द्यावर: प्रत्येक गटात इतकेच प्राणी का? आधीच्या आराखड्यात प्रत्येक दिवसासाठी वेगळा गट होता आणि प्राण्यांची संख्या फुगली होती. तो बदलून आता असे ठरवले आहे की यकृताचा डावा मोठा लोब (पाळीसारखा भाग) कापण्यापूर्वी जिवंतपणीच त्याचे चित्रण करायचे, मग तो काढायचा, आणि त्याच प्राण्याचा उरलेला भाग नंतर पाहायचा. म्हणजे जो भाग एरवी बादलीत जातो त्याच्यावरून अंदाज बांधायचा आणि मागे राहिलेल्या भागावर तो पडताळायचा. प्राणी कमी लागतात आणि प्रश्नही सर्जनच्या प्रश्नाच्या जवळ जातो. आराखडा आधीच असा केला असता तर निम्मा उन्हाळा वाचला असता.

८ जून

रॅटला हात लावण्याआधी मायक्रोस्कोप जुळवायचा होता. त्यासाठी खाटकाकडून बोकडाची कलेजी आणली. पाव किलोत चार दिवसांचे काम होते आणि कोणाची परवानगी लागत नाही. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे.

कलेजीच्या एनएडीएचवरून मात्र काहीही ठरवू नका. दुकानात येईपर्यंत रक्त थांबून कित्येक तास गेलेले असतात. ऑक्सिजन संपला की एनएडीएच साचते, नंतर ते मोडू लागते, आणि चित्र जिवंत यकृतासारखे राहत नाही. कोलॅजेन मात्र जसेच्या तसे असते. यकृतावरचा पातळ पापुद्रा सगळा कोलॅजेनचा. फोकस खाली नेताना आधी तोच जाळीसारखा लखलखतो आणि त्याखाली पेशींच्या ओळी दिसू लागतात. साधारण ५० ते १०० मायक्रॉनच्या खाली सगळे धूसर होते. रक्त आणि पेशी मिळून प्रकाश खाऊन टाकतात.

१४ जून

एसएचजीचा सिग्नल येतच नव्हता. एनएडीएचसाठी लेझर ७५० नॅनोमीटरवर ठेवतो. एसएचजी नेमकी निम्म्या तरंगलांबीवर येते, म्हणजे ३७५. आमच्या मायक्रोस्कोपच्या काचा आणि डायक्रोइक आरसा (काही तरंगलांबी परतवणारा, काही जाऊ देणारा) तिथे जवळपास आंधळे आहेत. फिल्टर बदलून पाहिला, डिटेक्टरचा व्होल्टेज वाढवला, उपयोग शून्य. शेवटी दोन फेऱ्या करायचे ठरले: आधी ७५० वर एनएडीएच, मग लेझर ८४० वर नेऊन ४२० ला एसएचजी. क्रमही हाच ठेवायचा, कारण एनएडीएच बदलते, कोलॅजेन कुठे पळत नाही.

४२० चा अरुंद फिल्टर परदेशातून मागवावा लागला. कस्टम्स धरून ४० हजारांच्या वर गेला आणि यायला पाच आठवडे लागले. तोवर सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळेतला एक जुना फिल्टर उसना घेतला.

लेझरची तरंगलांबी बदलली की किरण किंचित सरकतो आणि दोन चित्रे एकमेकांवर बसत नाहीत. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला चमकणाऱ्या मण्यांची स्लाइड दोन्ही तरंगलांबींवर घेऊन ठेवा आणि त्यावरून सरकणे दुरुस्त करा.

२० जून

फ्लिमचे कॅलिब्रेशन. यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद युरियाच्या स्फटिकांवर घेतला. तिथे चमक रेंगाळत नाही, त्यामुळे जी रुंदी दिसते ती यंत्राचीच. मग फ्लुओरेसिन हा चमकणारा रंग. ते अल्कधर्मी द्रावणात ४ नॅनोसेकंद द्यायला हवे, आमच्याकडे बरेच कमी येत होते. सगळा दिवस केबली आणि सॉफ्टवेअर तपासण्यात गेला. दोष बफरमध्ये होता: बाटली उघडी राहून पीएच उतरला होता. नवीन बफरमध्ये आकडा जागेवर आला.

फोटॉनचा वेगही बघून ठेवा. लेझरचे ठोके सेकंदाला ८ कोटी. डिटेक्टरवर येणारे फोटॉन त्याच्या एखाद-दुसऱ्या टक्क्याच्या पुढे गेले की लवकर आलेला फोटॉनच मोजला जातो आणि आयुष्यमान (चमक टिकण्याचा काळ) खोटे कमी दिसते. चित्र छान उजळ यावे म्हणून पॉवर वाढवण्याचा मोह होतो, तो इथे अंगलट येतो. नमुन्यावर १० मिलिवॉटच्या आत राहतो.

२४ जून

फायब्रोसिसच्या (यकृतात कोलॅजेनचे व्रण साचण्याच्या) गटाला कार्बन टेट्राक्लोराइड सुरू. ऑलिव्ह तेलात मिसळून, आठवड्यातून दोनदा, पोटात इंजेक्शन. दुसऱ्या गटाला नुसते तेल.

हे रसायन नेहमीच्या प्लास्टिकला सोडत नाही. पॉलिस्टायरिनची नळी मिनिटांत पांढुरकी होऊन चिकट झाली, सिरिंजचा रबरी दट्ट्या फुगून अडकला. डोस किती गेला हेच कळेना, म्हणून त्या दिवसाचे प्राणी गटातून वगळावे लागले. काचेच्या सिरिंज आणि काचेच्या बाटल्या आणल्या. मिश्रण फ्यूम हुडमध्येच करा. ते करणाऱ्याच्या यकृतालाही तितकेच घातक आहे.

३ जुलै

निरोगी रॅटवर पहिले जिवंत चित्रण. मायक्रोस्कोप इन्व्हर्टेड, म्हणजे खालून पाहणारा आहे. रॅटला आयसोफ्लुरेनची भूल, फासळ्यांखाली छोटा छेद, डावा लोब हळूच बाहेर काढून कव्हरस्लिपवर टेकवायचा, कोमट सलाइनने ओला ठेवायचा, खाली गरम पॅड.

श्वासामुळे प्रत्येक फ्रेम लाटेसारखी हलत होती. लोब घट्ट धरण्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर एक कडे करून वर बसवले. हलणे थांबले आणि एनएडीएच एकदम उजळले. सगळे खूश झाले. मला मात्र शंका आली, कारण इतकी चमक कलेजीतच पाहिली होती. पेशींच्या ओळींमधल्या बारीक वाहिन्यांकडे नीट पाहिले. तिथे तांबड्या पेशी चमकत नाहीत, त्या काळ्या सावल्यांसारख्या सरकताना दिसतात. एरवी इतक्या वेगाने जातात की फक्त लुकलुक जाणवते. या चित्रात त्या जागच्या जागी थिजल्या होत्या. कड्याच्या दाबाने रक्तप्रवाहच बंद पडला होता आणि आम्ही गुदमरलेल्या यकृताची चमक मोजत होतो.

कडे सैल केले, सावल्या पुन्हा सरकू लागल्या, चमक खाली आली. तेव्हापासून नियम केला आहे: फ्लिम घेण्याआधी आणि नंतर काही सेकंदांचा साधा व्हिडिओ घ्यायचा, आणि सावल्या थांबलेल्या दिसल्या तर ती जागा बाद. या सगळ्या नोंदींमधले एकच काही घ्यायचे असेल तर हे घ्या. मायक्रोस्कोप कितीही महागडा असला तरी रक्त थांबलेले असेल तर तुम्ही यकृताची ताकद मोजत नसून त्याची उपासमार मोजत असता.

९ जुलै

तोच मुद्दा दुसऱ्या बाजूने. सकाळी खाल्लेल्या आणि रात्रभर उपाशी असलेल्या रॅटच्या आकड्यांत फरक दिसला. ग्लायकोजेन भरलेले यकृत आणि रिते यकृत एकसारखे वागणार नाहीत हे उघड आहे. शिवाय यकृताची पेशीविभाजनाची वेळही दिवस-रात्रीच्या चक्राशी बांधलेली असते. आता सगळ्या शस्त्रक्रिया सकाळी ९ ते ११ मध्येच, आणि खाणे काढण्याची वेळ ॲनिमल हाउसमधले काका वहीत लिहून ठेवतात. त्यांची ती वही आमच्या सॉफ्टवेअरइतकीच कामाला येते.

१६ जुलै

७० टक्के हेपॅटेक्टॉमी, म्हणजे यकृताचा तेवढा भाग कापून काढणे. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये रॅटवर मांडलेली पद्धत आजही तशीच वापरतात: मधला आणि डावा लोब बांधून काढायचे, उजवे लोब आणि कॉडेट लोब ठेवायचे. सात ते दहा दिवसांत वजन जवळपास भरून येते.

पहिल्या तुकडीतले काही प्राणी दुसरा दिवस पाहू शकले नाहीत. शवविच्छेदनात उरलेला भाग गडद आणि फुगलेला. दोन्ही लोब मिळून एकच गाठ मारली होती आणि ती महाशिरेला फार जवळ बसली होती. शीर आवळली गेली, रक्त परत जायला वाट उरली नाही. शल्यचिकित्सा विभागातल्या मॅडमनी येऊन हात धरून दाखवले: दोन्ही लोबांना वेगवेगळी गाठ, आणि शिरेपासून दोन-तीन मिलिमीटरचा बुंधा मागे ठेवायचा. बुंधा राहिला तर वजनात थोडी चूक येते, ती हिशेबात धरता येते.

पहिल्या दिवशी पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज, वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन, आणि शुद्धीवर येईपर्यंत पॅड गरम. ब्युप्रेनॉर्फिन नियंत्रित औषध आहे, त्याची कागदपत्रे पहिल्या शस्त्रक्रियेच्या बरीच आधी सुरू करा.

कापण्याआधीचे चित्रण २० मिनिटांवर आणले आहे. त्याहून जास्त भूल दिली की प्राणी नंतर सुस्त राहतो आणि त्याच्या भरून येण्यावर आमच्याच प्रयोगाचा परिणाम होतो.

१९ जुलै

शस्त्रक्रियेनंतर २४ तासांची चित्रे. पेशींच्या आत गोल काळी छिद्रे दिसली, जणू सुईने टोचल्यासारखी. ते चरबीचे थेंब. भरून येऊ लागलेले यकृत पहिल्या एक-दोन दिवसांत चरबी साठवते, पुढे ती जाते. रॅटमध्ये डीएनए तयार होण्याचा कळस याच सुमारास येतो. उंदरात (लहान माउसमध्ये) तो थोडा उशिरा, ३६ ते ४८ तासांना. उंदरावरचे वेळापत्रक रॅटला लावू नका.

या छिद्रांमुळे सरासरी बिघडते. संपूर्ण चित्राची सरासरी काढणे बंद केले. पेशीद्रव्याचा भाग हाताने रेखून, केंद्रक आणि थेंब वगळून मोजतो. वेळखाऊ आहे, पण आतापर्यंत दुसरा विश्वासू मार्ग सापडलेला नाही.

३० जुलै

काही ठिकाणी अतिशय तेजस्वी ठिपके, आणि पाहता पाहता विझणारे. यकृतातल्या स्टेलेट पेशींमध्ये साठलेले व्हिटॅमिन ए. तेही ७५० वर चमकते. वयस्क प्राण्यांत भर म्हणून लिपोफ्युसिनचे (वयाबरोबर पेशीत साचणाऱ्या रंगद्रव्याचे) पिवळट कण. दोन्ही एनएडीएचच्या हिशेबात घुसले तर आयुष्यमानाचे आकडे खोटे येतात. ५०० ते ५५० नॅनोमीटरचा दुसरा चॅनेल सोबत घेतो आणि तिथे चमकणारे पिक्सेल वगळतो. प्राणी एकाच वयाचे घ्या, निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

पृथक्करणाबद्दल थोडे: मोकळ्या एनएडीएचचे आयुष्यमान ०.४ नॅनोसेकंदाच्या आसपास, प्रथिनांना बांधलेल्याचे दोन-तीन नॅनोसेकंद. दोघांचे प्रमाण हवे असते, आणि त्यासाठी पिक्सेलमागे पुरेसे फोटॉन लागतात. कमी पॉवरवर ते मिळत नाहीत. शेजारचे पिक्सेल एकत्र करून (५ गुणिले ५) फिट करतो आणि फेझर आलेखावर (फिट न करता आयुष्यमान दाखवणारा आलेख) पडताळून पाहतो. दोन्हींचा कल एकच असला तरच आकडा वहीत जातो.

१३ ऑगस्ट

संध्याकाळची चित्रे धूसर आणि सकाळची स्वच्छ. आसपास ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू आहे, त्यामुळे सगळ्यांनी बोट तिकडे दाखवले. खरे कारण वेगळे निघाले. मायक्रोस्कोपचे टेबल हवेच्या दाबावर तरंगते आणि इमारतीचा कंप्रेसर सहानंतर बंद होतो. दाब हळूहळू उतरून टेबल पायांवर टेकत होते, मग ढोलाचाच काय, लिफ्टचाही धक्का चित्रात येणारच. नायट्रोजनचा एक सिलिंडर जोडला. भाडे फार नाही. मायक्रोस्कोपच्या सुविधेचे शुल्क तेव्हा तासाला १,२०० रुपये होते. त्या मानाने तर काहीच नाही.

३ सप्टेंबर

आठ आठवडे डोस झालेल्या गटावर शस्त्रक्रिया. शेवटच्या डोसनंतर काही दिवस मोकळे ठेवले, नाहीतर ताजी जखम कुठली आणि जुना फायब्रोसिस कुठला ते कळत नाही. एसएचजीत कोलॅजेनचे पट्टे एकमेकांना भिडलेले दिसले. एवढे पुढे गेलेले यकृत ७० टक्के कापणे झेपत नाही. रक्तस्राव जास्त, प्राणी लवकर ढासळले. ठरवलेल्या मर्यादेवर पोहोचलेल्यांना वेदनारहित मृत्यू द्यावा लागला. काम तिथेच थांबवले.

९ सप्टेंबर

बैठक. एक सूचना अशी आली की फक्त डावा लोब, म्हणजे सुमारे ३० टक्के कापावा. मी विरोध केला. ३० टक्के काढले तर उरलेल्या पेशी मुख्यतः आकाराने मोठ्या होतात आणि तेवढ्यावर भागते. विभाजनाची खरी कसोटी ७० टक्क्यांतच लागते. उंदरावरच्या कामातून हे स्पष्ट झालेले आहे. कसोटी सोपी करून सगळे पास झाले तर आमच्या मोजमापाला काय अर्थ?

तोडगा: कापण्याचे प्रमाण ७० टक्केच, पण डोस कमी आठवडे द्यायचा, म्हणजे फायब्रोसिस मध्यम पायरीवर राहील. खऱ्या रुग्णालयात प्रश्नही त्याच रुग्णांचा असतो. पुढे गेलेल्या सिरोसिसमध्ये इतके मोठे ऑपरेशन कोणी करत नाही. समितीकडे दुरुस्तीचा अर्ज दिला. वेळापत्रक दिवाळीच्या पुढे गेले.

२३ सप्टेंबर

मधल्या वेळात आयसीजीची (इंडोसायनिन ग्रीन या हिरव्या रंगाची) चाचणी बसवली. आयसीजी फक्त यकृत उचलते आणि जसेच्या तसे पित्तात टाकते. माणसात १५ मिनिटांनी रक्तात १० टक्क्यांहून कमी उरले तर यकृत ठीक समजतात. त्याच तत्त्वावर रॅटच्या पंजाकडे कॅमेरा रोखून चमक कशी उतरते ते पाहायचे. ७८० चा एलईडी, आयआर फिल्टर नसलेला रास्पबेरी पायचा कॅमेरा, पुढे ८३० चा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब तरंगलांबीच सोडणारा). फिल्टर सोडला तर सगळे मिळून दहा हजारांच्या आत.

आयसीजी सलाइनमध्ये विरघळवू नका, साका धरतो. इंजेक्शनच्या पाण्यातच करा आणि सहा तासांत वापरून टाका. अंधार पूर्ण हवा: ट्यूबलाइटने नाही, खिडकीतल्या उन्हाने आमचे वाचन बिघडत होते, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असते.

आयसीजी हा फ्लिमला पर्याय नाही. यकृत आज किती काम करते आहे एवढेच ते सांगते, आणि त्यात रक्तप्रवाहाचाही वाटा असतो. उद्या पेशी विभागतील का, हा वेगळा प्रश्न आहे. दोन्ही एकाच प्राण्यात घेतले तर कुठे जुळतात आणि कुठे फारकत घेतात ते कळेल, आणि मला रस त्या फारकतीतच आहे.

२१ ऑक्टोबर

निरोगी गटाची चित्रे पूर्ण. बांधलेल्या एनएडीएचचा वाटा तिसऱ्या दिवशी वर जातो आणि आठवड्याअखेर मूळ जागी येऊ लागतो, असा कल दिसतो आहे. त्याच भागाच्या कापांवर केआय-६७ (विभागणाऱ्या पेशी दाखवणारी खूण) केले आहे, दोघांची सांगड घालणे चालू आहे. फायब्रोसिसच्या पहिल्या तुकडीतल्या वाचलेल्या प्राण्यांत ही हालचाल मंद वाटते. प्राणी इतके थोडे आहेत की याला निष्कर्ष म्हणणार नाही.

कापण्याआधीच्या चित्रात एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा समोर येते. नुसते कोलॅजेनचे प्रमाण पाहून कोणता प्राणी सावरेल ते नीट ओळखता येत नाही. पट्ट्यांच्या मधल्या पेशींची एनएडीएचची स्थिती सोबत पाहिली की अंदाज सुधारतो. म्हणून नव्या तुकडीत प्रत्येक प्राण्याचा अंदाज शस्त्रक्रियेच्या दिवशीच लिहून बंद पाकिटात ठेवणार आहोत. पाकिटे मॅडमकडे राहतील आणि सातव्या दिवसाचे वजन व केआय-६७ मोजून झाल्यावरच उघडतील. चित्रण करणारा आणि काप मोजणारा माणूसही वेगवेगळा असेल.

११ नोव्हेंबर

दुरुस्तीला मंजुरी मिळाली. नवीन रॅट आले, वजने घेतली, आठवडाभर स्थिरावू देऊन डोस सुरू करायचा. ४२० चा आपला फिल्टर बसवला, उसना परत केला. काचेच्या सिरिंज जास्तीच्या मागवल्या आहेत. कड्याची थ्रीडी प्रिंटची फाइल आणि रेखाटनाची स्क्रिप्ट कोणाला हवी असेल तर देऊ. फक्त कडे बसवल्यावर आधी सावल्या सरकतात का ते पाहा.